पिवळा भुसा

४ फेब्रुवारी

चि. खारू हिस,

अनेक आशीर्वाद. त्यातला एखादा शिल्लक ठेव, निवृत्तीनंतर उपयोगी पडेल.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला तो आळसानं नव्हे, बोटांमुळे. सकाळी उठते तेव्हा ती माझी नसतातच. दुसऱ्याच कुणाची तरी सुजलेली बोटं माझ्या मनगटाला शिवून टाकल्यासारखी वाटतात. कोमट पाण्यात तासभर बुडवून बसले की कुठे पेन धरवतं. काल त्या पाण्यात पडलेली माझी बोटं पाहिली आणि खरं सांगते, शिसारी आली. बाजारात आलं मिळतं ना, ते याहून सुबक असतं. ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावरही फाटकी पुस्तकं घरी बांधायला आणायची माझी हौस तुला माहीत आहे. आता सुईत दोरा ओवायलाच अर्धी सकाळ जाते. गेल्या महिन्यात एक जुना नकाशासंग्रह आणला होता, त्याचा कणा उसवून ठेवला आणि पुन्हा शिवता येईना. टेबलावर तो तसाच उघडा पडलाय, ऑपरेशन अर्धवट टाकून सर्जन पळून गेल्यासारखा.

आईच्या हातांची मात्र मला कधी किळस वाटली नव्हती. शाळेत जायच्या आधी आपण तिची वेणी घालायचो. तू डावीकडे, मी उजवीकडे, आणि भांग वाकडा गेला की ती विचारायची, तुमच्या त्या सिस्टर मंडळींनी सरळ रेघ ओढायला शिकवलं नाही वाटतं? अकरा वर्षांची असताना तू भर वर्गात उभी राहून सांगितलंस की मोठी होऊन मी आईचे सांधे बरे करणार. सिस्टर म्हणाल्या होत्या, छान, पण आधी नखं काप.

आता बातमी. बसून वाच. इथल्या इस्पितळातल्या सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून घेतलं. एका नव्या गोळीची चाचणी चाललीय, त्यात येता का म्हणाल्या. माहितीचं पत्रक हातात दिलं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ज्या निबंधाचा आधार दिलाय, त्यात पहिलं नाव कुणाचं असेल? तुझं! उंदरांच्या सुजलेल्या पायांवर तू जे औषध सिद्ध केलंस, त्याचीच ही गोळी. मी म्हटलं, ही माझी धाकटी बहीण. बाई चक्क खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या गं. मी नुसता चष्मा पुसला. आई हवी होती.

अट एकच आहे. आत्ता चालू असलेल्या आठवड्याच्या गोळ्या बंद करायच्या, पाच आठवडे शरीर कोरं ठेवायचं आणि मग नवी गोळी सुरू. महिनाअखेरपर्यंत सही करून द्यायची आहे. खालच्या मजल्यावरच्या टायपिस्टबाई माझ्याही पुढे गेल्या. त्यांच्या जुन्या गोळ्या बंद होऊन महिना झाला, पुढच्या आठवड्यात त्यांना नवी मिळेल. ती तुझी आहे हे कळल्यावर म्हणाल्या, मग काय, घरचंच औषध.

हात आता संप पुकारतोय. लोभ आहे तेवढा पुष्कळ, वाढवायला घरात जागा नाही.

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तू सही करू नकोस. निदान मी कळवेपर्यंत तरी नको. एक तर तुझं वय. दुसरं म्हणजे नव्या औषधाचा यकृतावर परिणाम काय होतो ते नीट पाहावं लागतं. आणि तिसरं, घरातल्या माणसानं घरातल्याच संशोधनात भाग घेणं बरं दिसत नाही, लोक बोलतात. जुन्या गोळ्या अजिबात सोडू नकोस. सविस्तर नंतर लिहीन.

इथली हकीकत ऐकण्यासारखी नाही, पण तुझ्याशिवाय सांगू कुणाला? पंधरा मार्चला माझा निवृत्तीचा समारंभ आहे आणि त्यासाठी गौरवग्रंथ निघतोय. मुद्रितं तपासायला माझ्याकडेच आली. स्वतःची आरती स्वतःच म्हणायची आणि वर शुद्धलेखनही तपासायचं! पहिल्या साठ पानांत मला सात वेळा दीपस्तंभ म्हटलंय. एकानं तर लिहिलंय की मॅडमच्या स्पर्शानं सूज उतरते. ते वाचून मी मुद्रितं बंद केली आणि खिडकी उघडली.

आमच्या संचालकाला आम्ही इस्त्री म्हणतो हे तुला माहीत आहे. माणूस कधी चुरगळलेला दिसत नाही, शर्टही नाही आणि मतही नाही. काल तो फोटोग्राफर घेऊन आला. मी हातात कॅलिपर घ्यायचं, म्हणजे उंदराच्या घोट्याची जाडी मोजतो तो चिमटा, दुसऱ्या हातात उंदीर धरायचा आणि हसायचं. उंदीर माझ्याकडे बघत होता, मी उंदराकडे. आमच्यातला लाजलेला कोण, हे फोटोत कळणार नाही. दोन फोटो झाल्यावर मी त्याला पिंजऱ्यात ठेवलं आणि डोकं दुखतंय असं सांगून निघून गेले. एकतीस वर्षं त्या प्राण्यांच्या खोलीत काढली, लाकडाचा भुसा, मूत, जंतुनाशक, कशाचाच वास मला कधी आला नाही. गेल्या वर्षापासून येतो. घरी आल्यावर केसांना येतो, उशीला येतो. डोक्यावरून दोनदा पाणी घेते, तरी येतो.

माझी शेवटची विद्यार्थिनी, जिला सगळे मुकी म्हणतात कारण ती दिवसाला चारच वाक्यं बोलते, तिचं काम संपत आलंय. तिच्याविषयी पुन्हा कधीतरी.

नकाशासंग्रहावर ओला कपडा ठेवू नकोस, बुरशी धरेल. तुझा राग नाकावर यायच्या आत पत्र संपवते. मला सांभाळून घे.

तुझी,
खारू


१९ फेब्रुवारी

चि. खारूस,

आशीर्वाद. आज नुसता एकच.

लहानपणी खरं बोलायचीस तेव्हा तू एक कारण द्यायचीस. खोटं बोलायचीस तेव्हा तीन. शाईची दौत कुणी सांडली, असं सिस्टरांनी विचारल्यावर तू वारा, मांजर आणि शेजारच्या बाकावरची मुलगी अशी तिघांची नावं घेतली होतीस. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. वय, यकृत आणि लोक. लोक! आयुष्यभर तुला लोकांची पर्वा नव्हती. लग्न केलं नाहीस तेव्हा नव्हती, आईच्या तेराव्या दिवशी प्रयोगशाळेत गेलीस तेव्हाही नव्हती. त्या वेळी मी सगळ्यांशी भांडले होते की ती आईचंच काम करायला गेलीय.

ऐक. तुझं पत्र यायच्या आधीच, पाच तारखेपासून, मी जुन्या गोळ्या बंद केल्या आहेत. तुझ्या परवानगीची वाट बघायला मी तुझी विद्यार्थिनी नाही. आज चौदा दिवस झाले. उजवा गुडघा फुगलाय, जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी मोजते. दाराची मूठ कोपरानं फिरवते. दात घासायचा ब्रश दोन्ही हातांत धरावा लागतो, आरशात मी ढोल वाजवणाऱ्या अस्वलासारखी दिसते. डॉक्टरीणबाई म्हणतात, मधले आठवडे अवघड असतातच, नवी गोळी सुरू झाली की उतरेल. त्या भरवशावर मी दात आवळून बसलेय.

आता एका प्रश्नाचं उत्तर दे. जी गोळी तुझ्या बहिणीनं घेऊ नये, ती टायपिस्टबाईंनी का घ्यावी? त्या रोज सकाळी माझ्यासाठी दूध वर घेऊन येतात, त्यांच्या मनगटाला पट्टा असतो तरी. त्यांना कुणी संशोधक बहीण नाही. मी त्यांच्यासमोर बसून तुझं कौतुक करते आणि मनात तुझं पत्र असतं. मला माझीच लाज वाटली खारू, आणि हे मला तू करायला लावलंस.

कारण लिही. एकच.

ताई


२६ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. बाकी मायने लिहायला हात धजत नाही.

ती गोळी काम करत नाही. बहुधा कधीच करत नव्हती. हे एकच कारण.

बावीस वर्षांपूर्वीचा तो प्रयोग तुला समजेल असा सांगते. चाळीस उंदीर होते, आठ पिंजऱ्यांत पाच-पाच. सगळ्यांचे घोटे आम्ही मुद्दाम सुजवले होते. चार पिंजऱ्यांना औषध, चारांना नुसतं पाणी. कुठल्या पिंजऱ्याला काय मिळतं हे मोजणाऱ्याला कळता कामा नये, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. म्हणून पिंजऱ्यांवर फक्त आकडे, आणि त्यांची यादी बंद पाकिटात भांडारपालाकडे. मोजणारी मी. रोज सकाळी ऐंशी घोटे.

तिसऱ्या दिवशी चार पिंजऱ्यांतला भुसा पिवळा झाला. औषध मुतावाटे बाहेर पडायचं आणि त्याला रंग होता. इतकी साधी गोष्ट, पण आधी कुणाच्या डोक्यात आली नाही. पाहणाऱ्याला लगेच कळावं असा पिवळा रंग, ताई. मी पाहिला. आणि मी तो पाहिला नाही. म्हणजे डोळ्यांनी पाहिलं, अंगठ्याला सांगितलं, मला सांगितलं नाही. कॅलिपर अंगठ्यानं मिटायचं असतं आणि सुजलेला घोटा मऊ असतो. किंचित जास्त दाबलं की सूज कमी भरते, किंचित हलकं धरलं की जास्त. तो फरक केसाएवढा असतो. आमचा सगळा शोध तेवढाच होता, मिलिमीटरच्या तीन दशांशांचा.

मोजणाऱ्याला कळलं, तर प्रयोग टाकून द्यायचा आणि पहिल्यापासून करायचा, असा नियम आहे. आठ महिन्यांचं काम होतं. इस्त्री तेव्हा विभागप्रमुख होता, रोज दारात येऊन आकडे विचारायचा. आईला जाऊन वर्ष झालं होतं. मी गप्प बसले. निबंध छापून आला. मग मला बढती मिळाली, खोली मिळाली, पदकं मिळाली. दुसऱ्या दोन प्रयोगशाळांना तसं काही आढळलं नाही, तेव्हा भर परिषदेत मी म्हणाले की त्यांना अजून घोटा धरता येत नाही. सभागृह हसलं. ते हसू आठवलं की आता तोंडाला कडू पाणी सुटतं.

गेल्या वर्षी गौरवग्रंथासाठी ताजा, रंगीत आलेख हवा म्हणून इस्त्रीनं सुचवलं की मुकीनं तोच प्रयोग पुन्हा करावा. हुकमी काम, मी हो म्हटलं. मुकीला भुशाच्या धुळीनं शिंका येतात. म्हणून ती प्राण्यांच्या खोलीत जातच नाही. झाडणाऱ्या बाई एकेक उंदीर कागदाच्या कोऱ्या खोक्यात घालून तिला शेजारच्या खोलीत नेऊन देतात. तिनं भुसा कधी पाहिलाच नाही. तिला फरक आढळला नाही. दोन्हीकडचे घोटे सारखेच सुजलेले.

मी तिला सांगितलं की तुला कॅलिपर धरता येत नाही. पुन्हा कर. तिनं पुन्हा केलं. तिसऱ्यांदा करायला लावलं. त्या पोरीची सगळी सुट्टी गेली. ऑक्टोबरात ती आकडे घेऊन आली आणि उभ्या उभ्या तिनं विचारलं की झाडणाऱ्या बाई म्हणतात चार पिंजऱ्यांतला भुसा पिवळा होतो, मॅडमना ते तेव्हा माहीत होतं का?

मी म्हणाले, नाही.

अठ्ठावन्न वर्षांची बाई, डोळ्यांत डोळे घालून, बावीस वर्षं सांभाळलेल्या आवाजात. ती नुसती मान हलवून गेली. त्यानंतर मला तो वास यायला लागला, असं वाटत होतं. पण खरं सांगू, तो त्याच्याही आधी, तिनं पहिल्यांदा आकडे आणले त्याच दिवशी सुरू झाला होता.

मी इस्त्रीकडे गेले. सगळं नाही, अर्धं सांगितलं. तो त्याच्या टेबलावरचे कागद एकावर एक बसवत म्हणाला की झाकली मूठ सव्वा लाखाची. समारंभ होऊ दे, मग वर्षभरानं कुठेतरी बारीक टिपण देऊ की अधिक अभ्यासाची गरज आहे. आणि गोळी चालते की नाही ते माणसांवरच्या चाचणीत कळेलच, चाचणी असते कशासाठी? कागदांचे कोपरे जुळेपर्यंत तो थांबला नाही. त्याची मला किळस आली. मग लक्षात आलं, पाच महिने मीही हेच म्हणत होते, फक्त मनातल्या मनात आणि जास्त चांगल्या भाषेत.

गोळी विषारी नाही, ते निरोगी माणसांवर आधीच तपासलंय. धोका तिचा नाही. जुनी गोळी बंद असते तेवढे दिवस आतला दाह मोकाट सुटतो, त्याचा आहे. म्हणून सांगते, आजच्या आज तुझ्या गोळ्या सुरू कर. डॉक्टरीणबाईंना काहीही कारण सांग. पाय धरते तुझे, सुरू कर. काय करायचं ते मला अजून ठरवता येत नाही. ज्या कामासाठी आईच्या तेराव्याला गेले नाही ते काम असं निघालं, हे जगाला सांगून मी कुठे उभी राहू? आज पत्र मिळाल्याबरोबर सुरू कर, आणि सुरू केल्याचं कळव.

तुझी असेन तर,
खारू


६ मार्च

चि. खारूस,

हे अक्षर माझं नाही. माझी बोटं उघडत नाहीत. टायपिस्टबाई लिहून घेतायत, उजव्या हातानं. डावा त्यांनी मांडीवर ठेवलाय. तेव्हा जे सांगायचं ते त्यांच्यासमोर मोठ्यानं बोलावं लागतंय, आणि म्हणून तुझं पत्र मी त्यांना आधी वाचायला दिलं. ते माझ्यापेक्षा त्यांचंच जास्त होतं.

मी गोळ्या सुरू केल्या. एवढं तुझ्या समाधानासाठी. आता माझं ऐक.

अंगठा घसरला याची मला किळस नाही आली. अंगठे घसरतात. मी स्वतः एकदा एका ग्रंथाची चाळीस पानं उलटी शिवली आणि ग्रंथपालांना कळू नये म्हणून तो सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. त्या मुलीला नाही म्हणालीस, त्याची आली. आणि त्याहून जास्त कशाची आली सांगू? पत्राची पानं मी मोजली, पाच आहेत. त्यांत तुझ्या गोळ्या सुरू कर, हे तू मला तीनदा लिहिलंस. टायपिस्टबाई शब्दानंही नाहीत. मागच्या पत्रात मी त्यांचंच विचारलं होतं ना? तुझ्या शोधातून तू एकच माणूस बाहेर काढायला निघालीस, तेही मागच्या दारानं, आणि ते माणूस मी. मला असं वाचवून घ्यायचं नाही.

(त्या म्हणतायत की ताई, एवढं कडक नको, धाकटी आहे. मी म्हटलं, तुम्ही लिहा.)

तुझं पत्र घेऊन आम्ही दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. दोन मजले, दोन काठ्या, रस्त्यात तीनदा बसलो. त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. म्हणाल्या की चाचणीत नव्या बायका घेणं त्या स्वतःच्या जबाबदारीवर थांबवतील. टायपिस्टबाईंना चाचणी सोडायचा हक्क आहे, त्यांनी तिथल्या तिथे सोडली. पण बहिणीनं बहिणीला लिहिलेल्या घरगुती पत्रावर चाचणी थांबत नाही. तू स्वतः, सहीनिशी, छापणाऱ्यांना, इस्पितळाला आणि औषध कंपनीला कळवलं पाहिजेस. तोवर आणखी दहा बायका आहेत. त्यांची नावं त्या सांगत नाहीत, पण बाहेरच्या बाकावर बसलेल्या असतात, आम्ही बघतो ना. एक तर जेमतेम तिशीची आहे. तिचं बाळ तिची आई उचलून घेते, तिला उचलवत नाही.

तू विचारतेस, कुठे उभी राहू. त्या बाईच्या शेजारी येऊन उभी राहा, म्हणजे कळेल.

समारंभाच्या आधी लिही. नाही लिहिलंस तर या पत्त्यावर पत्र टाकू नकोस. मी फोडणार नाही. फोडता येणार नाहीच, पण फोडून घेणारही नाही.

आशीर्वाद मी राखून ठेवलाय. तो रद्द केलेला नाही, हे लक्षात असू दे.

ताई

ता. क. मॅडम, सा. न. वि. वि. वरचा मजकूर ताईंनी सांगितला तसा लिहिला. चौतीस वर्षं कचेरीत दुसऱ्याचं बोलणं टाइप केलं, त्यामुळे मध्ये तोंड न घालायची सवय आहे. या चार ओळी माझ्या स्वतःच्या. आपल्यावर राग आहे का, ते मला अजून कळलेलं नाही, कळलं की कळवीन. एक विचारायचं होतं. जुन्या गोळ्या बंद होऊन मला आठ आठवडे झाले. डावं मनगट वळत नाही, आत काहीतरी करकरतं. डॉक्टरीणबाईंना विचारलं की त्या फाईल चाळायला लागतात. आता जुन्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या, तर गेलंय ते परत येतं का? मोठे शब्द नकोत. आपली नम्र, खालच्या मजल्यावरची.


२० मार्च

ती. ताईस आणि टायपिस्टबाईंना,

दोघींना वाकून नमस्कार.

नऊ तारखेला तिन्ही पत्रं गेली. पाठवायच्या आधी मी ती मुकीला वाचायला दिली आणि त्याच वेळी तिला सांगितलं की ऑक्टोबरात मी तुझ्याशी खोटं बोलले. मी लिहिलं होतं की पिंजरे ओळखता येत असल्याची बाब अनवधानानं दुर्लक्षित राहिली. तिनं अनवधानानं या शब्दाखाली पेन्सिलनं रेघ ओढली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी तो शब्द खोडला. मग वाक्यच उभं राहीना, म्हणून सगळं वाक्य खोडलं आणि लिहिलं: मी पाहिलं होतं. आज प्रयोगशाळेत तेवढंच वाक्य स्वच्छ आहे.

छापणाऱ्यांनी विचारलं, बावीस वर्षांनी पुरावा काय? मला वाटलं होतं पुरावा नसेल. मी जुन्या वह्या काढल्या. तिसऱ्या दिवसाच्या पानावर, त्या सिस्टर मंडळींनी घोटून घेतलेल्या माझ्या सुबक अक्षरात लिहिलंय: भुसा बदलला, पिंजरा दोन, तीन, पाच, आठ. त्याच चार पिंजऱ्यांत औषध होतं. बाकीच्या चारांचा मी बदलला नव्हता. कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून मी तो रोज गुपचूप बदलत होते आणि वर रोज प्रामाणिकपणे तशी नोंदही करत होते. दहा दिवसांच्या दहा नोंदी आहेत, ताई. मला कळलं नव्हतं ही माझी शेवटची पळवाटसुद्धा मीच बुजवून ठेवली होती. वही हातात धरवेना. हात धुऊन आले आणि मग पानांच्या प्रती काढून पाठवल्या.

इस्पितळाचं पत्र परवा आलं. चाचणी थांबली, दहाही बायकांना जुनी औषधं सुरू होतायत. त्या बाळवालीलाही. कंपनीच्या वकिलाचं पत्र कालचं. त्याची भाषा वेगळी आहे, ते माझं मी बघीन. समारंभ अपरिहार्य कारणास्तव रद्द झाल्याची सूचना फलकावर लागलीय, ती इस्त्रीनं स्वतः चारी कोपऱ्यांना टाचण्या मारून लावली. तो मला एवढंच म्हणाला की तुझ्या एका अंगठ्यापायी तू संस्थेचं तोंड काळं केलंस. मी म्हटलं, अंगठा माझा होता, दारात रोज कोण येत होतं? त्यानं बाही सरळ केली. गौरवग्रंथाचे गठ्ठे माझ्या खोलीबाहेर रचून ठेवलेत, जाणारे येणारे त्यांना वळसा घालून जातात. मलाही. माझ्याशी बोलतात फक्त झाडणाऱ्या बाई आणि मुकी. मुकीचा निबंध तिच्या एकटीच्या नावावर जाईल, मी माझं नाव काढून घेतलंय. या सगळ्यानं फार हलकं वाटेल असं मला उगीच वाटलं होतं. वाटत नाही. वास तसाच येतो.

आता टायपिस्टबाई, तुमच्यासाठी. तुम्ही मोठे शब्द नकोत म्हणालात. गेले दहा दिवस मी जे जे लिहिलं ते ते मोठं निघालं, म्हणून फाडलं. आता सरळ लिहिते.

जुन्या गोळ्या तुम्ही सुरू केल्या असतील, तर सूज उतरायला सहा ते आठ आठवडे लागतील. ठणका कमी होईल. मनगट आजच्यापेक्षा बरं वळेल, पहिल्यासारखं वळेल असं सांगता येत नाही. करकर येते याचा अर्थ आत हाडाची कड झिजली असण्याची शक्यता आहे. एक्स-रे काढून घ्या आणि डॉक्टरीणबाई फाईल चाळायला लागल्या तर फाईलवर हात ठेवा. जी कड झिजली असेल ती परत येत नाही. कुठल्याच गोळीनं येत नाही.

हे मला तीस वर्षांपासून माहीत आहे. मी ते निबंधांत लिहिलंय, परिषदांत सांगितलंय, परीक्षेत विचारलंय. ज्याचं हाड आहे त्या माणसाला आज पहिल्यांदा सांगते आहे.

लोभ मागण्याचं तोंड नाही. राग आहे की नाही ते कळलं, तर कळवायचं तुम्ही कबूल केलं होतंत. त्या पत्राची वाट पाहते.

खारू